मराठी निवडली की शुगर शून्य: इंदूरच्या एका मधुमेह ॲपचं प्रकरण

राजेंद्रनगरातल्या एका निवृत्त शिक्षिकेची आठवड्याची सरासरी शुगर दवाखान्याच्या संगणकावर १३० दिसत होती. डॉक्टर मॅडमना ती पटेना. महिन्यापूर्वीच बाईंची एचबीएवनसी ८.१ आली होती. या तपासणीवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर काढायचं एक सूत्र आहे: आलेल्या आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि त्यातून ४६.७ वजा करायचे. ८.१ ला उत्तर येतं १८६ च्या आसपास. औषध तेच, इन्सुलिनचे युनिट तेच, खाणंपिणं तेच, मग एका महिन्यात १८६ वरून १३० कशी? मॅडमनी सरासरीचा रकाना सोडून नोंदींची सगळी यादी उघडली. चौदा नोंदींपैकी चार ठिकाणी शून्य होतं.

जिवंत माणसाची शुगर शून्य नसते. मॅडमनी लगेच मला फोन केला, कारण ते ॲप मी आणि माझ्या मावसभावाने बनवलेलं आहे. पुढे काय सापडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्या भाषेत ॲप बनवणाऱ्या कुणालाही हा दगड लागू शकतो. बाईंना विचारून लिहिते आहे. त्यांचं आणि दवाखान्याचं नाव अर्थातच देत नाही.

ॲप आणि त्यातली मराठी

दवाखाना मधुमेहाचा, रुग्ण बहुतेक साठीच्या पुढचे. ॲपचं काम आम्ही जाणूनबुजून थोडकं ठेवलं होतं. रुग्णाने घरी मोजलेली शुगर लिहायची, ती दवाखान्यात दिसायची, आणि मॅडमनी लिहून दिलेल्या इन्सुलिनची वेळ झाली की फोनने आठवण करायची. किती युनिट घ्यायचे हे ॲप स्वतः काढत नाही. ॲपलच्या ॲप स्टोअरचा तसा नियमच आहे: डोस काढून देणारं ॲप औषध कंपनी, रुग्णालय, विद्यापीठ अशा संस्थेकडून यायला हवं, नाहीतर त्याला नियामकाची मान्यता हवी. आपल्याकडेही वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आहेत, आणि फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आलं. डोसचा निर्णय मॅडमचा आणि ॲप म्हणजे फक्त वही, असं आम्ही ठरवलं होतं. वहीसुद्धा किती घात करू शकते हे तेव्हा कळलं नव्हतं.

कोड फ्लटरमध्ये लिहिला. फ्लटर हे ॲप बनवायचं गूगलचं साधन, त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ ची. डार्ट भाषेत एकदा लिहिलं की तेच अँड्रॉइडवर चालतं आणि आयफोनवरही. आमच्या रुग्णांकडे अँड्रॉइड आणि पुण्या-बंगळुरूला असलेल्या त्यांच्या मुलांकडे बरेचदा आयफोन. आईची शुगर मुलालाही बघायची असते. दोन माणसांना दोन वेगवेगळी ॲप्स सांभाळणं झेपणारं नव्हतं.

सुरुवातीला भाषा दोनच होत्या, हिंदी आणि इंग्रजी. मराठी मागितली ती रुग्णांनी. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर इथून येणारी मराठी मंडळी बाजारात, बँकेत, रिक्षात हिंदीच बोलतात, पण दुखणं सांगताना घरची भाषा येते. आम्ही दोघंही त्याच घरांतले, त्यामुळे हे काम हौसेने केलं. एकेका शब्दावर थांबलो. हिंदीवरून मराठी करताना पहिल्या खर्ड्यात मावसभावाने ‘उपवासाची शुगर’ असं लिहिलं होतं. मी ते खोडून ‘उपाशीपोटी’ केलं, कारण आपल्याकडे उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, आणि एकादशीला ती खाऊन मोजलेली शुगर कुणीतरी त्या रकान्यात निष्ठेने लिहिली असती. शब्दांकडे इतकं लक्ष होतं. आकड्यांकडे बघायचं असतं हे मनातही आलं नाही.

चुकीच्या दिशेचे दोन दिवस

मॅडमचा फोन आल्यावर आमच्या दोघांच्या तोंडून एकच वाक्य निघालं: अँड्रॉइडचं काहीतरी असणार. तसं वाटायला कारणही होतं. त्याआधीच्या महिन्यात दोन फोनांच्या वेगवेगळ्या स्वभावांनी आम्हाला चांगलंच दमवलं होतं. एका रुग्णाच्या मुलीने सांगितलं, की आयफोनवर पंधरा-सोळा दिवस आठवण येते आणि मग बंद होते. शोधल्यावर कळलं की आयओएस, म्हणजे आयफोनची प्रणाली, एका ॲपच्या पुढे लावून ठेवलेल्या स्थानिक सूचनांपैकी सगळ्यात जवळच्या ६४ च जपतं आणि बाकीच्या सोडून देतं. आम्ही दिवसाला चार अशा महिनाभराच्या १२० सूचना एकदम लावल्या होत्या. चौसष्ट भागिले चार, सोळा दिवस. अँड्रॉइडची गोष्ट वेगळी. तिथे फोन बंद करून चालू केला की लावलेले गजर पुसले जातात, ते ॲपने पुन्हा लावावे लागतात. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायलाच परवानगी लागते. आणि अँड्रॉइड १४ मध्ये नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना नेमक्या मिनिटाला गजर वाजवायची परवानगी आपसूक मिळत नाही, ती मागून घ्यावी लागते. ही सगळी दुखणी निस्तरून नुकते कुठे उठलो होतो. साहजिकच नवीन दुखण्याचं निदानही तेच केलं.

त्यात बाईंच्या मुलाने सांगितलं, की त्याने त्याच्या आयफोनवरून आईची एक नोंद दुरुस्त केली तेव्हा काही बिघडलं नाही. मग तर खात्रीच पटली. दोन दिवस आम्ही बाईंच्या फोनचा मॉडेल, त्यातली बॅटरी वाचवण्याची सोय, फोनमधला डेटाबेस, नेट गेल्यावर नोंद सर्व्हरवर कशी पोचते, हे सगळं उसवून पाहिलं. काहीही सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बाईंच्या घरी गेलो. खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं.

बाईंनी ३१ वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. वही काढून त्यांनी रोजचे आकडे दाखवले: तारीख, वेळ, शुगर, सगळं ठळक देवनागरीत, समासासकट. मी म्हटलं, “बाई, तुम्ही ॲपमध्ये कसं लिहिता ते एकदा करून दाखवा ना.” त्यांनी नवी नोंद केली, ती बरोबर गेली. मग म्हणाल्या, “आणि कधी सकाळी मोजते, पण लिहायला दुपार होते. मग वेळ चुकीची पडते, ती मी नंतर नीट करते.” त्यांनी आदल्या दिवशीची नोंद उघडली. शुगरच्या रकान्यात आकडा जागेवर होता. त्यांनी त्याला हातही लावला नाही, फक्त वेळ बदलली आणि ‘जतन करा’ दाबलं. यादीत त्या नोंदीपुढे एक आडवी रेघ आली.

“ही रेघ?” मी विचारलं.

“डॉक्टरांकडे पोचलं की रेघ येते ना?” बाई म्हणाल्या. “मला तसंच वाटलं.”

मावसभाऊ माझ्या खांद्यावरून बघत होता. तो म्हणाला, “ताई, आकडा बघ. देवनागरीत आहे.”

काय होत होतं

कोणत्या भाषेत तारीख कशी लिहायची, हजारांचा स्वल्पविराम कुठे द्यायचा, आकडे कोणते वापरायचे, याचा एक जागतिक साठा युनिकोड कन्सॉर्शियम ही संगणकातल्या अक्षरांचे क्रमांक ठरवणारी संस्था सांभाळते. त्याला सीएलडीआर म्हणतात. अँड्रॉइड, आयफोन, ब्राउझर, फ्लटर, सगळे त्यातूनच माहिती घेतात. या साठ्यात हिंदीचे नेहमीचे आकडे इंग्रजी वळणाचे आहेत, गुजरातीचेही. मराठीचे आणि नेपाळीचे मात्र देवनागरी. व्यवहारात हे खरंच आहे. संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदात संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी आहे, पण अंकांचं रूप आंतरराष्ट्रीय आहे. मराठी पुस्तकं, महाराष्ट्र सरकारचे कागद, बाईंची वही, इथे १२३ असेच आकडे असतात. सीएलडीआरने मराठीचा मानच राखला आहे, चूक त्याची नाही.

चूक आमची होती. जुनी नोंद उघडली की आमचा कोड डेटाबेसमधला आकडा त्या भाषेच्या नियमाप्रमाणे नटवून रकान्यात ठेवत होता. जतन करताना रकान्यातली अक्षरं वाचून त्यांचा पुन्हा आकडा करत होता. डार्टमधलं ‘डबल ट्रायपार्स’ हे काम करतं आणि त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात. देवनागरी २०१ दिलं की ते म्हणतं, हा आकडाच नाही, आणि रिकामा हात परत करतं. त्या रिकाम्या हातापुढे आम्ही लिहून ठेवलं होतं: काही मिळालं नाही तर शून्य धर.

नवी नोंद का चालत होती हेही आता उलगडलं. तिथे बाई बोटाने टाइप करत होत्या आणि त्यांच्या फोनचा आकड्यांचा कळफलक इंग्रजी आकडेच देत होता. बिघाड होता तो फक्त जुनी नोंद पुन्हा जतन करताना. मुलाच्या आयफोनवर सगळं सुरळीत होतं कारण त्याचं ॲप इंग्रजीत होतं. घरी येऊन आम्ही आयफोनची भाषा मराठी केली आणि तीच नोंद जतन केली. तिथेही शून्य.

हे माझ्या मनाला फार लागलं. एकच कोड दोन्हीकडे चालतो याचा आम्ही अभिमान बाळगत होतो आणि बिघाड शोधताना तेच विसरलो. कोड एक असेल तर त्यातली चूकही दोन्ही फोनांत एकाच वेळी असते. ती एकाच फोनवर दिसली तर त्या दोन फोनांत आणखी काय वेगळं आहे हे विचारायला हवं होतं: भाषा, अक्षरांचा आकार, देश, वापरणाऱ्याची सवय. आम्ही यंत्राकडे बघत राहिलो.

पण आकड्यांच्या लिपीपेक्षा मला जास्त गंभीर वाटतं ते ‘शून्य धर’. त्या एका सवयीवर आम्ही पुढे तीन ठिकाणी इमारत उभी केली होती. पहिलं, यादीत शून्य असेल तिथे रेघ दाखवायची, म्हणून बाईंना काही बिघडलंय असं वाटलंच नाही. दुसरं, शुगर ७० च्या खाली गेली की दवाखान्यात लाल इशारा येतो, पण रिकाम्या नोंदींवर तो उगाच वाजू नये म्हणून आम्ही अट घातली होती, शून्यापेक्षा जास्त आणि सत्तरपेक्षा कमी. त्यामुळे इशाराही गप्प. तिसरं, सरासरी काढताना मात्र ही काळजी घ्यायला विसरलो. दहा खऱ्या नोंदींची बेरीज १८२०, तिला चौदाने भागलं, १३०. म्हणजे रुग्णापासून लपलं, इशाऱ्यापासून लपलं, आणि डॉक्टरपुढे मात्र छान आटोक्यात आलेली शुगर म्हणून उभं राहिलं. जिथे मोजमाप नाही तिथे आम्ही एक मोजमाप रचून ठेवलं होतं. मॅडमना एचबीएवनसी आठवली नसती, तर पुढचे तीन महिने बाईंचं इन्सुलिन तसंच राहिलं असतं.

तारखांतही तोच रोग निघाला. बाईंच्या काही नोंदी क्रमाने लागत नव्हत्या, त्याकडे आम्ही आधी दुर्लक्ष केलं होतं. मराठी निवडल्यावर ॲप ज्या तारखेवरून नोंदींचा क्रम लावतं तीही देवनागरी आकड्यांत लिहीत होतं. युनिकोडमध्ये देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्या बरेच नंतर येतात, त्यामुळे अक्षरांच्या क्रमाने लावल्यावर या नोंदी कायम तळाशी जात.

आकडे कोणते दाखवायचे

कोड दुरुस्त करायला एक दिवस पुरला. फोनच्या पोटात आता आकडा आकडाच राहतो, पडद्यावरच्या अक्षरांवरून तो परत बनवला जात नाही. तारीख ठरलेल्या आंतरराष्ट्रीय रूपात साठते. मोजमाप नसेल तर रकाना रिकामा राहतो आणि सरासरी त्याला मोजत नाही, उलट ‘चौदापैकी दहाच नोंदी’ असं शेजारी लिहिते. डेटाबेस २० ते ६०० बाहेरची शुगर स्वीकारतच नाही, कारण पुष्कळ ग्लुकोमीटर त्या मर्यादेबाहेर आकडा न देता ‘लो’ किंवा ‘हाय’ लिहितात. त्या दोन्हींसाठी वेगळी बटणं दिली. दुरुस्ती केली की जुनी नोंद पुसली जात नाही, नवी तिच्या शेजारी बसते. आणि तिन्ही भाषांत, दोन्ही फोनांवर एक चाचणी दर वेळी चालते: नोंद उघड, काहीही न बदलता जतन कर, आकडा तोच आहे का बघ. इतकी साधी चाचणी पहिल्या दिवशी असती तर हे काही घडलंच नसतं.

वाद झाला तो पुढच्या प्रश्नावर. आता देवनागरी आकडे वाचता येतील असा कोड लिहिणं काही अवघड नव्हतं. मग मराठी ॲपमध्ये आकडे मराठीच का नकोत? मी हट्टाने त्याच बाजूची होते. मराठी म्हटल्यावर अर्धी मराठी का, असं मला वाटत होतं, आणि बाईंच्या वहीतले ते देखणे आकडे डोळ्यांसमोर होते.

मॅडमनी काही न बोलता टेबलावर तीन वस्तू ठेवल्या: ग्लुकोमीटर, इन्सुलिनची कुपी आणि लाल टोपीची सिरिंज. तिन्हींवर आकडे इंग्रजी. मग म्हणाल्या, “रुग्ण फोनवर बघतो आणि सिरिंजवर भरतो. मधे लिपी बदलायला लावू नका.”

इन्सुलिनच्या बाबतीत ही बारीक गोष्ट नाही. आपल्याकडे कुपीत मिळणारं इन्सुलिन बरेचदा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं १०० युनिटचं, आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपीची. ही अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. घरात एवढा एक गोंधळ पुरे आहे. त्यात देवनागरी एक दिसायला इंग्रजी नऊसारखा. बाईंना तो कधीच नऊ वाटणार नाही, पण रात्रीचं इन्सुलिन त्यांना नातू टोचतो, आणि तो इंग्रजी शाळेत शिकलेला आहे. इंदूरच्या किती मराठी घरांत ही परिस्थिती आहे हे आम्हाला सांगायला नको. आजी देवनागरी आकडे वाचते, सून हिंदीत गिनती करते, नातवाला ‘एकोणसाठ’ म्हणजे साठच्या अलीकडे की पलीकडे ते क्षणभर थांबून आठवावं लागतं.

मी हट्ट सोडला. शुगर आणि युनिट यांचे आकडे आता तिन्ही भाषांत इंग्रजी वळणाचेच दिसतात, उपकरणावर असतात तसे. बाकी सगळं मराठी. फ्लटरमध्ये त्यासाठी तारखांचे देशी आकडे मराठीपुरते बंद करायची सोय आहे. संख्या आम्ही भारतीय इंग्रजीच्या नियमाने लिहितो. दवाखान्याच्या ब्राउझरमध्ये भाषेच्या खुणेला ‘यू-एनयू-लॅटन’ अशी शेपटी जोडली की मराठी राहते आणि आकडे बदलतात.

बाईंना आम्ही हे घरी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच मागणी केली: इन्सुलिनच्या आकड्याखाली तोच आकडा अक्षरांत लिहा. आता १४ युनिटच्या खाली ‘चौदा युनिट’ असं येतं. नातवाने आकडा वाचायचा आणि बाईंनी अक्षरं वाचून ‘हो’ म्हणायचं, मगच टोचायचं, असा त्या घरात नियम झाला आहे. ही कल्पना आम्हाला सुचली नव्हती.

हरवलेल्या नोंदी

डेटाबेसमध्ये जुने आकडे उरलेच नव्हते, त्यांच्यावर शून्य लिहिलं गेलं होतं. ॲप मराठीत वापरणारे अकरा जण होते. अपडेट पाठवायच्या आधी आम्ही अकराही जणांना फोन केले आणि काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मॅडमचा तसा आग्रह होता आणि तो योग्य होता. बाईंशिवाय आणखी तिघांच्या यादीत रेघा निघाल्या. ग्लुकोमीटर मागची शेकडो मोजमापं तारीखवेळेसह लक्षात ठेवतो, त्यामुळे तिघांकडे जाऊन मशीनमधूनच आकडे उतरवले. एकाच्या मशीनमध्ये तारीख कधी लावलेलीच नव्हती. त्याच्या दोन नोंदी आम्ही रिकाम्याच ठेवल्या.

बाईंच्या मशीनची गरज पडली नाही. त्यांनी वही उघडून त्या आठवड्यातले चार आकडे सांगितले: १६८, २०१, १७६, २१५. मावसभावाने ते भरले, मी वहीशी पुन्हा ताडून पाहिले. सरासरी १८४ झाली. मॅडमनी त्याच संध्याकाळी बाईंचं रात्रीचं इन्सुलिन दोन युनिटने वाढवलं आणि आठवड्याने पुन्हा यायला सांगितलं, वहीसकट.